तारीख एक दिवस मागे का जाते?

अरे, तुझा जावास्क्रिप्ट कोड बघितला. फॉर्ममध्ये १५ ऑगस्ट निवडली की डेटाबेसात १४ पडते, यात बिचाऱ्या सर्व्हरचा दोष नाही. कॅलेंडरने दिलेली तारीख म्हणजे आपल्याकडची मध्यरात्र. तू तिच्यावर टूआयएसओस्ट्रिंग चालवून पहिली दहा अक्षरं कापतोस. ते फंक्शन यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, वेळ मजकुरात देतं आणि आपण साडेपाच तास पुढे. तिथे अजून १४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहाच वाजलेले असतात.

मीही हेच केलं होतं. वर 'एक दिवस मिळवा' असा जुगाड लावला, तर अमेरिकेतल्या ग्राहकाची तारीख पुढे पळाली!

जन्मतारखेला, सुट्टीला वेळ नसतेच. ती '२०२५-०८-१५' अशी साध्या मजकुरातच ठेव. पण हाच मजकूर तारीख बनवणाऱ्या न्यू डेटला दिलास तर तो यूटीसीची मध्यरात्र धरतो. पुण्यात पहाटेचे साडेपाच होतात, तारीख बरोबर दिसते, म्हणून चूक लपते. न्यूयॉर्कमध्ये आदला दिवस दिसतो. मजकुराच्या शेवटी 'टी००:००' जोडलंस की स्थानिक वेळ धरली जाते.

मीटिंग, पेमेंट मात्र यूटीसीत साठव आणि दाखवताना इंटल डेटटाइमफॉरमॅट या तारीख-वेळ मांडणाऱ्या सोयीला 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन दे. ३३० मिनिटं हाताने मिळवत बसू नकोस. आपल्याकडे खपून जाईल, पण असाच ठरावीक आकडा लंडनसाठी धरलास तर मार्चअखेर घड्याळं पुढे गेली की फसशील.

जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात, ऑगस्ट म्हणजे ७, हे माहीत असेलच. टाइमझोन ठरवणारं टीझेड व्हेरिएबल 'अमेरिका/न्यू_यॉर्क' करून टेस्ट एकदा चालव, मग परत पाठव.