‘भगवान’मधलं नीर आलं कुठून?

प्रश्न : आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरून फिरून येतो. भ म्हणजे भूमी, ग म्हणजे गगन, व म्हणजे वायू, अ म्हणजे अग्नी आणि न म्हणजे नीर, म्हणून भगवान म्हणजे पंचमहाभूतं. धाकटा भाऊ म्हणतो बघ किती सायंटिफिक आहे. मला काहीतरी गडबड वाटते पण नेमकं काय ते सांगता येत नाही. खरा अर्थ काय आहे?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : गडबड आहेच. मुळात शब्द भगवान नाही, तो आहे भगवत्. भग अधिक वत्, आणि वत् म्हणजे ती गोष्ट ज्याच्याजवळ आहे तो, जसं धनवान, गुणवान, बलवान. भगवान् हे त्याचं फक्त प्रथमेचं एकवचनी रूप, विभक्ती बदलली की बऱ्याच रूपांत तो न गायब. ‘ॐ नमो भगवते वासुदेवाय’ म्हणतो आपण, त्यात न कुठाय? भगवद्गीतेत नाही, भागवतात नाही, भगवतीत तर नाहीच नाही, मग काय देवीकडे पाणी नाही म्हणायचं का? आणि बलवानच्या शेवटी पण तोच न आहे, तिथे कुणी नीर शोधत नाही. भावाला एवढं विचारा, पुरे.

पण गंमत अशी की अक्षरं सुटी करून अर्थ लावायची पद्धत काही व्हॉट्सॲपने काढलेली नाही, ती चांगली जुनी आहे. विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशात, पाचव्या अध्यायात पराशर ऋषी मैत्रेयाला हाच शब्द समजावून सांगतात. तिथे भकाराचे अर्थ दोन, सगळं जुळवून आणणारा आणि सगळ्यांचं भरणपोषण करणारा. गकार म्हणजे नेणारा, चालवणारा, निर्माण करणारा. आणि वकार म्हणजे ज्याच्यात सगळी भूतं, म्हणजे सगळे जीव, वसतात आणि जो सगळ्या भूतांत वसतो तो. भ, ग, व, संपलं. नकाराला तिथे जागाच नाही कारण पराशरांना व्याकरण माहीत होतं. तेव्हा चिंतन म्हणून अक्षरांवर अर्थ बसवायला माझी काही हरकत नाही, फक्त तो शब्दाचा मूळ अर्थ आहे असं म्हणू नये आणि सायंटिफिक तर अजिबात म्हणू नये.

आता त्याच अध्यायातला फेमस श्लोक : ‘ऐश्वर्यस्य समग्रस्य धर्मस्य यशसः श्रियः । ज्ञानवैराग्ययोश्चैव षण्णां भग इतीरणा ॥’ म्हणजे संपूर्ण ऐश्वर्य, धर्म, यश, श्री, ज्ञान आणि वैराग्य या सहांना मिळून भग म्हणतात. काही पाठांत धर्माच्या जागी वीर्य येतं, म्हणजे पराक्रम. हे सहाही ज्याच्याकडे पूर्ण आहेत तो भगवान, कीर्तनात ‘षड्गुणैश्वर्यसंपन्न’ ऐकतो ना आपण, ते हेच. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते एकाच यादीत ऐश्वर्य आणि वैराग्य दोन्ही बसलेत ते, सगळं आहे आणि कशातच अडकलेला नाही. नुसता पैसा आणि सत्ता असलेला माणूस या हिशोबात बसतच नाही, हे आजकालच्या स्वयंघोषित भगवानांना कुणीतरी सांगायला हवं पण ते असो.

लगेच पुढे दुसरी व्याख्या पण आहे, जो सगळ्या भूतांची उत्पत्ती, प्रलय, येणं, जाणं, विद्या आणि अविद्या जाणतो त्याला भगवान म्हणावं. आद्य शंकराचार्यांनी गीताभाष्यात तिसऱ्या अध्यायात हे दोन्ही श्लोक घेतलेत.

मात्र शब्द पुराणाहून खूप म्हणजे खूपच जुना आहे. ऋग्वेदात भग नावाचा स्वतंत्र देवच आहे, आदित्यांपैकी एक, वाटा देणारा. सातव्या मंडलातलं ४१ वं सूक्त सकाळी त्याला हाक मारणारं आहे आणि त्यात ऋषी म्हणतात, ‘भग एव भगवाँ अस्तु देवास्तेन वयं भगवन्तः स्याम’, म्हणजे भग हाच भगवान असो आणि त्याच्यामुळे आम्हीही भगवंत होऊ. आम्हीही! इथे भगवंत म्हणजे सरळसरळ भाग्यवान, ज्याला चांगला वाटा मिळालाय तो. (याच भगाचे डोळे पुढे रुद्राने काढले अशी कथा आहे, म्हणून शिवाला भगनेत्रहन् म्हणतात.) इराणी भाषांत पण हा शब्द आहे, जुन्या पर्शियन शिलालेखांत त्यांच्या मुख्य देवाला, अहुरमज़्दाला, ‘बग’ म्हटलंय, आणि रशियनमधला देववाचक ‘बोग’ याच गोतावळ्यातला.

धातू आहे भज्, वाटणे, वाटून घेणे, वाट्याला येणे. त्यातून भाग आला, भाग्य आलं, भक्त आणि भक्ती आली, शाळेत ज्याने घाम फोडला तो भाज्य-भाजक पण तिथलाच. आणि आपला भात! संस्कृतात भक्त म्हणजे वाट्याला आलेलं अन्न, शिजवलेला तांदूळ, त्याचा प्राकृतातून भात झाला. भगचा शरीराशी संबंधित एक अर्थ पण कोशात आहे, त्यावरून चावट पोस्टी फिरतात, पण एका शब्दाला अनेक अर्थ असणं संस्कृतात रोजचंच आहे.

तुमच्या बार्शीतल्या मंदिरात विष्णूचं नाव भगवंत आहे, भगवान नाही, आणि मराठीला तेच रूप जवळचं. आपण एरवी नुसतं देवा म्हणतो, हे भगवान म्हटलं की जरा हिंदी पिक्चर आठवतो.

प्रश्न : माझा मित्र बौद्ध आहे. तो देव मानत नाही पण भगवान बुद्ध म्हणतो. हे कसं काय?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : यात काहीच विसंगती नाही. भगवत् हे आधी आदराचं संबोधन होतं, देवाचं नाव नंतर झालं. छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतात तेव्हा ‘अधीहि भगवः’ म्हणतात, म्हणजे भगवन् मला शिकवा. समोर गुरू आहे. पतंजलीच्या महाभाष्य या व्याकरणग्रंथात व्याकरणकार पाणिनीला पण ‘भगवतः पाणिनेः’ म्हटलंय. आपल्याकडे महाराज कसं छत्रपतींना आहे, कीर्तनकाराला आहे आणि काही ठिकाणी लग्नातल्या आचाऱ्याला पण आहे, तसंच ते, कुणाला लावलं यावर वजन ठरतं.

त्याच वापरातून लुंबिनीच्या स्तंभावर अशोकाने कोरलं, ‘हिद भगवं जाते ति’, इथे भगवान जन्मले. महावीरांना जैन आगमांत ‘समणे भगवं महावीरे’ म्हणतात. तुमचा मित्र विहारात ‘नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासंबुद्धस्स’ म्हणत असेल, आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार मानणार नाही ही ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेली प्रतिज्ञाही पाळत असेल. दोन्ही एकत्र नांदतं.

वैष्णवांना अर्थात हा शब्द असा सगळ्यांना वाटलेला फारसा आवडला नसावा. विष्णुपुराण सांगतं की खऱ्या अर्थाने हा फक्त वासुदेवाचा, इतरांच्या बाबतीत नुसता औपचारिक मान म्हणून. पण पतंजलीच्या काळात शिवभागवत, म्हणजे शिवाचे भक्त, पण होते, आणि विदिशेजवळ बेसनगरला वासुदेवाचा गरुडध्वज उभारून स्वतःला भागवत, म्हणजे भगवंताचा भक्त, म्हणवणारा हेलिओडोरस तर तक्षशिलेचा ग्रीक होता, इसवीसनपूर्व दुसऱ्या शतकातला, त्यामुळे मालकी कुणा एकाची कधीच नव्हती.

प्रश्न : गीतेत ‘श्रीकृष्ण उवाच’ का नाही?
– एक वाचक, पणजी

उत्तर : कारण उपदेश करणारा कोण हे ऐकणाऱ्याला आधीच कळावं म्हणून, असं मला वाटतं. अर्जुन उवाच, संजय उवाच, धृतराष्ट्र उवाच, सगळे नावाने, एकटा कृष्ण पदवीने, ‘श्रीभगवानुवाच’. अर्जुन मात्र त्याला केशवा, माधवा, जनार्दना अशाच हाका मारतो, दहाव्या अध्यायात विभूती ऐकायला बसल्यावर तो ‘भगवन्’ म्हणतो. आणि अकराव्यात विश्वरूप बघून घाबरल्यावर माफी कसली मागतो, तर तुला नुसतं ‘हे कृष्ण, हे यादव, हे सखा’ म्हणत आलो त्याची.