पॅकेज सोळा लाखांचं, झोप पाच तासांची

*ताई, सात महिन्यांपूर्वी हिंजवडीतल्या मोठ्या कंपनीतून बाणेरच्या बावीस जणांच्या स्टार्टअपमध्ये आले. पॅकेज १६ लाख, त्यात ईसॉप (कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीला घ्यायचा हक्क) ३ लाखांचे. घाऊक व्यापाऱ्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. त्यातला एक अख्खा भाग मी एकटीनं उभा केला, जुन्या कंपनीत हे कधी जमलं नसतं. पण रात्री अकराला फाउंडरचे मेसेज येतात, रविवारही जातो. साताऱ्याहून आई म्हणते, परत जा. वर्ष भरलं की ईसॉप मिळतील, तोवर रेटू का?*
*– दमलेली, पुणे*

आधी ग्रँट लेटर काढून वाच. ऑफर लेटर नव्हे, ईसॉपचं वेगळं पत्र. ते मिळालंच नसेल तर उद्याच माग, कारण आपल्याकडच्या कायद्याप्रमाणे ईसॉप हक्काचे व्हायला किमान एक वर्ष जावं लागतं आणि ते वर्ष ग्रँटच्या तारखेपासून मोजतात, तू रुजू झालीस त्या दिवसापासून नाही. पत्र तीन महिने उशिरा निघालं असेल तर तुझे पाच महिने आठ होतात.

दुसरं, ३ लाख हा आकडा वर्षाचा की चार वर्षांचा? पॅकेज फुगवायला चार वर्षांची रक्कम एका वर्षात दाखवणारे कमी नाहीत. तसं असेल आणि दरवर्षी पाव हिस्सा मिळणार असेल, तर वर्ष भरल्यावर हाती येतात ते ७५ हजार, तेही कागदावर. शेअर घेताना ठरलेली किंमत भरायची, आणि त्या दिवशीची बाजारकिंमत जितकी जास्त, तितका फरक पगार धरून त्यावर कर. समज, २५० शेअर, तुला १० रुपयांना, बाजारकिंमत १,२१०. म्हणजे ३ लाखांवर स्लॅबप्रमाणे कर रोख भरायचा, आणि शेअर मात्र कंपनी शेअर बाजारात लिस्टेड नसल्यामुळे सहजी विकता येत नाहीत. नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायला किती दिवस मिळतात तेही पत्रात बघ. बऱ्याच ठिकाणी ९० किंवा त्याहून कमी असतात.

एवढ्यासाठी तब्येत पणाला लावू नकोस. पण लगेच राजीनामाही देऊ नकोस. तुझ्या पत्रात कामाचा कंटाळा कुठेच दिसत नाही, आहे तो वेळेचा गोंधळ, आणि तो बराचसा आवरता येतो.

दोन आठवडे रात्री आठनंतर आलेलं प्रत्येक काम वहीत टिप: काय, कुणी सांगितलं, सकाळी दहाला केलं असतं तर काय बिघडलं असतं. फाउंडरला रात्री अकराला सुचतं म्हणून तो लिहितो, उत्तर तेव्हाच हवं असतं असं नाही. ही यादी घेऊन त्याच्यासमोर बस. 'मला फार ताण येतो' यावर सहानुभूती मिळते, बदल होत नाही. त्यापेक्षा म्हण, "ग्राहकाचं बिल निघत नसेल तर फोन करा, मी उचलेन. बाकीचं सकाळी." मग रात्रीची ड्युटी आठवड्याप्रमाणे वाटून घ्या, आणि शुक्रवारी दुपारनंतर रिलीज, म्हणजे सॉफ्टवेअरमधले नवे बदल ग्राहकांना देणं, बंद. रविवार जातो तो बहुतेक शुक्रवारच्या रिलीजपायीच. तुझा भाग तुझ्याशिवाय कुणाला येत नसेल, तर तो बिघडल्यावर काय बघायचं हे दोन पानांत लिहून एकाला शिकव. नाहीतर वाटणी कागदावरच राहील आणि फोन तुलाच येतील.

त्याच बैठकीत विचार, बँकेत किती महिन्यांचे पैसे आहेत. १ कोटी ८० लाख शिल्लक आणि महिन्याला निव्वळ २० लाख जात असतील तर नऊ महिने. सहाच्या खाली असेल आणि नव्या गुंतवणुकीचं नक्की काही नसेल, तर बायोडेटा बाहेर पाठवायला लाग. उत्तर टाळलं तर स्वतः तपास: पीएफच्या पासबुकात दर महिन्याचा भरणा दिसतो का, आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुझ्या नावे टीडीएस चढलाय का (तो तिमाहीनंतर दिसतो, घाबरू नकोस). पगार कापून पीएफ भरलेला नसेल, तर ईसॉपचा हिशेब सोड आणि निघ.

आईला सहा महिन्यांचा खर्च बाजूला टाकलेला दाखव, तिची निम्मी काळजी तिथंच मिटेल. आरोग्य विमा मात्र राजीनाम्याआधी स्वतःच्या नावानं काढ. कंपनीचा सहसा शेवटच्या दिवशीच संपतो.