साहेब निलंबित झाले, आता मी कुणाच्या बाजूने?

"साथ सोडली तर मी कृतघ्न, नाही सोडली तर लोक मला त्यांच्यातलीच समजतील." वरिष्ठांवर ठपका आला की हाताखालच्या माणसाची अशी कोंडी होते. ही चिंता घेऊन बरेच जण माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. (पुढच्या हकिकतीतले तपशील ओळख पटू नये म्हणून बदलले आहेत.)

त्या एका अधिकाऱ्यांच्या स्वीय सहायक. सगळं काम त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या. वडील आजारी असताना साहेबांनी न मागता रजा दिली, हे सांगताना त्यांचा गळा दाटला. आता साहेब निलंबित होते आणि चौकशीत यांचा जबाब व्हायचा होता.

"साहेबांनी तुमच्याकडे नेमकं काय मागितलंय?" मी विचारलं. त्या सुरुवातीला साहेबांच्या चांगुलपणाबद्दलच बोलत राहिल्या. मग मोबाइल पुढे केला. 'फाइल आधीच्या तारखेला आली होती असं सांग.' एवढंच.

साहेब चांगले आहेत आणि साहेब चुकले, ही दोन वाक्यं मनाला एकत्र सोसत नाहीत. मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांनी १९५७ साली हीच ओढाताण सिद्धांत म्हणून मांडली. ती टाळायला मन एक वाक्य खोडून टाकू पाहतं. इथे मात्र दोन्ही खरी होती. उपकार स्वतःच्या वेळेने, धीराच्या शब्दाने फेडावेत. नोंदवहीतली तारीख फिरवून फेडता येत नाहीत.

उलटा मोहही असतो. आपलं नाव वाचवायला माणूस जबाबात जास्तीचं बोलतो. मला तोही तितकाच मोठा विश्वासघात वाटतो. म्हणून त्यांनी कागदावर तीन रकाने केले: पाहिलेलं, ऐकलेलं, वाटलेलं. तिसरा रकाना झरझर भरला, पहिल्यात मोजक्या ओळी आल्या. जबाब तेवढ्याच ओळींचा. मेसेज पुसायचा नाही, वकिलाशी बोलून घ्यायचं, हेही ठरलं.

साहेबांना काय सांगायचं, याचा सराव सगळ्यात अवघड गेला. प्रत्येक वाक्याआधी 'माफ करा' यायचं. शेवटी जमलं: "साहेब, भेटायला मी नक्की येईन. पण जबाबात जे पाहिलंय तेच सांगेन."

त्यांनी तसंच केलं. पुढे सहकारी साहेबांची टिंगल करू लागले, तेव्हा "मला काम त्यांनी शिकवलंय, माझ्यासमोर हे नको," असंही त्यांनी स्पष्ट सांगितलं. साहेब मात्र दुखावले. भेटायला नकार दिला. त्या नकाराचं दुःख त्यांना अजून आहे, आणि आमच्या भेटी सध्या त्यासाठीच चालू आहेत.