यंत्रमागाच्या मॉडेलची मोटर फिरत नाही, मॉड्यूलचा दिवा मात्र लागतो : काय तपासावं?

तुम्ही सोलापुरातून विचारलंय: मुलीच्या विज्ञान प्रदर्शनासाठी यंत्रमागाचं मॉडेल करतोय. एक पिवळी बीओ मोटर (गिअर असलेली छोटी डीसी मोटर) फणी मागेपुढे हलवते, दुसरी कापडाचा रूळ फिरवते. आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) लॅपटॉपला जोडलाय, उनोच्या सिग्नलवर मोटर चालवणाऱ्या एल२९८एन मॉड्यूलला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आहे. लाल दिवा लागतो, पण मोटर एक झटका देते आणि नुसती गुणगुणते. मोटर बदलली, तरी तेच.

मोटरवरचा संशय सोडा. झटका बसतोय म्हणजे सिग्नल पोचतोय, करंट पुरत नाही. दोष बहुधा त्या चौकोनी बॅटरीचा आहे. ती मल्टिमीटरसारख्या थोडक्या करंटवर चालणाऱ्या वस्तूंसाठी असते. बीओ मोटर मोकळी फिरताना साधारण १५० ते २०० मिलिअँपिअर घेते, पण सुरू होताना किंवा अडकली की अर्धा ते एक अँपिअर मागते. तेवढा भार पडला की या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. दिव्याला मात्र काही मिलिअँपिअर पुरतात, म्हणून दिवा लागला यावरून बॅटरीची परीक्षा होत नाही.

खात्री करायची तर मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. लाल टोक मॉड्यूलच्या १२ व्होल्टच्या स्क्रूवर, काळं जीएनडीवर (ग्राउंड, म्हणजे ऋण टोक). मोटर बंद असताना ९ च्या आसपास आकडा दिसेल. मोटर चालवायची आज्ञा दिल्यावर तो ५ किंवा त्याखाली गेला, तर दोष सापडला.

शिवाय एल२९८एन जुन्या पद्धतीच्या ट्रान्झिस्टरवर चालतो आणि मधल्यामध्ये सुमारे २ व्होल्ट खातो. म्हणून १८६५० चे दोन लिथियम सेल होल्डरमध्ये सिरीजमध्ये लावा: ७.४ व्होल्टमधून मोटरला साधारण साडेपाच मिळतात, आणि तेवढेच तिला हवेत. या सेलची टोकं एकमेकांना कधीही टेकू देऊ नका, चार्जिंगही त्यांच्याच चार्जरवर करा. लहान मुलं हाताळणार असतील तर मी चार एए अल्कलाइन सेल (६ व्होल्ट) सुचवेन. मोटर थोडी हळू फिरेल, पण धोका कमी. तेव्हा उनोला वीज लॅपटॉपवरूनच द्या, कारण ६ व्होल्टवर मॉड्यूलचा ५ व्होल्टचा रेग्युलेटर नीट चालत नाही.

नवे सेल लावूनही अडलं तर फणीचा दांडा सोडवून मोटर मोकळी फिरवून पाहा. मोकळी फिरते आणि दांडा जोडल्यावर थांबते, तर क्रँक लहान करा किंवा फणीची सरक मोकळी करा. जोर लावून ढकलू नका, आतली प्लॅस्टिकची दातेरी चाकं झिजतात.

मोटर अगदीच गप्प असेल, गुणगुणही नसेल, तर कारणं वेगळी. बॅटरीची ऋण तार, मॉड्यूलचं जीएनडी आणि उनोचं जीएनडी एकत्र जोडलेलं हवं. नवशिक्यांकडून हीच तार सर्वांत जास्त राहते आणि तिच्याशिवाय सिग्नलला संदर्भच नसतो. मग मॉड्यूलवरच्या ईएनए आणि ईएनबी (मोटर चालू-बंद करणाऱ्या) पिनांवरच्या छोट्या टोप्या, म्हणजे जंपर, पाहा. त्या काढल्या असतील तर तिथे उनोची ३, ५, ६, ९, १० किंवा ११ यांपैकी पिन जोडा. कोडमध्ये सर्वो मोटरची लायब्ररी वापरत असाल तर ९ आणि १० टाळा, ती त्यांचं पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करणारा सिग्नल) बंद करते. मोटर गप्प असो वा गुणगुणत असो, कोडमधली वेगाची संख्या (० ते २५५) आधी २५५ ठेवा. ८०-१०० च्या खाली बऱ्याच बीओ मोटर गुणगुणतात, फिरत नाहीत.

आणि मोटर थेट उनोच्या पिनला कधीच जोडू नका. ती पिन जेमतेम २० मिलिअँपिअरसाठी आहे, जळेल.

तारा सोल्डर करताना मोटरच्या तांब्याच्या पट्ट्या वाकवू नका, दोन-तीनदा वाकल्या की त्या मुळातून तुटतात. दोन्ही पट्ट्यांमध्ये १०४ लिहिलेला एक सिरॅमिक कपॅसिटरही लावा. मोटरच्या आतल्या ब्रशच्या ठिणग्यांमुळे उनो मध्येच रिसेट होतो, तो त्रास या कपॅसिटरने बराच कमी होतो.