माय गाव सोडंना, काय करावं?

प्रश्न: माझी माय ७६ वर्षांची, सेलूला एकटीच राहते, मी पुण्यात नोकरीला. मागच्या महिन्यात न्हाणीत घसरून पडली, हाड वाचलं नशीबानं. पुण्याला चल म्हणलं की म्हणते, "तिथं मला बोलायला कोन हाय?" कशी सोय लावावी?

उत्तर: भाऊ, माय चुकीचं बोलत नाही. तिला हलवायच्या आधी न्हाणी बदला. आमच्याकडं त्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर साबणाचं पाणी पडलं की तरणा माणूस बी आडवा होतो! खाली रबरी मॅट टाका, बसायला प्लास्टिकचा स्टूल, आणि भिंतीत स्टीलचा दांडा पक्का ठोकून घ्या, नळाला धरून उठायची सवय लई वाईट, नळ हातात येतो. रात्री तिथपर्यंत एक झिरोचा बल्ब चालू ठेवा.

मोबाईल मोठ्या बटनांचा द्या, त्यात १४५६७ सेव्ह करा, ही ज्येष्ठांची फुकट हेल्पलाईन आहे, पेन्शन, कायदा, कुणी त्रास देत असंल तर, सगळं विचारता येतं. वय ७० च्या वर आहे म्हणून आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्यावर वर्षाला ५ लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन उपचार फुकट, उत्पन्नाची अट नाही. एसटी ७५ नंतर राज्यात फुकटच, परभणीला डोळे दाखवायला तुमची वाट बघायची गरज नाही.

आणि शेजारच्या काकूंकडं एक चावी ठेवा. सकाळी मायचं दार उघडलं नाही तर पहिल्यांदा त्यांनाच कळंल, तुम्हाला नाही.