वाचकांचे प्रश्न : सत्तावीस हजार चित्रांची खतावणी

प्रश्न : अमेरिकेच्या सॅम ग्रॉस यांनी पंचवीस-तीस हजार हास्यचित्रं काढली म्हणतात. एका माणसाच्या हातून एवढं होतं, की ही सांगोवांगी? – एक वाचक, सांगली

सांगोवांगी नाही. ग्रॉस आपल्या प्रत्येक चित्रावर क्रमांक घालत आणि २०१२च्या सुमारास तो सत्तावीस हजारांपलीकडे गेला होता. ऐंशी ओलांडल्यावरही ते काढतच राहिले. मे २०२३मध्ये, ८९व्या वर्षी गेले. हा आकडा पंचावन्न वर्षांत वाटला तर आठवड्याला नऊ-दहा चित्रं पडतात. न्यूयॉर्कच्या मासिकांसाठी काम करणाऱ्याला ही गती जगावेगळी नव्हती. तिथे आठवड्याचा एक वार ठरलेला असे, बरीच वर्षं बुधवार. कच्च्या चित्रांचा गठ्ठा काखोटीला मारायचा, सर्वांत जास्त मानधन देणाऱ्या मासिकाचं दार आधी ठोठवायचं आणि तिथे परत आलेली चित्रं घेऊन पुढचा जिना चढायचा. गठ्ठ्यातलं एखादं लागलं तरी आठवडा बरा गेला म्हणायचं. म्हणजे क्रमांक काढलेल्या चित्रांचा आहे, छापून आलेल्यांचा नव्हे. ग्रॉस 'न्यूयॉर्कर'मध्ये १९६९पासून दिसू लागले. 'नॅशनल लॅम्पून', 'एस्क्वायर', 'कॉस्मोपॉलिटन' इथेही त्यांची चित्रं येत. एका मासिकाने नाकारलेलं दुसऱ्याला चालतं, यावरच हा सगळा धंदा उभा होता. जन्म ब्रॉन्क्सचा, १९३३चा. कॉलेजात काही काळ हिशेबनिशीही शिकले होते. ते वाया गेलं नाही, असं आमचं मत.

प्रश्न : दिवाळी अंकांना चित्रं पाठवतो. गेल्या वर्षी एकच चित्र दोन अंकांत छापून आलं आणि दोन्ही संपादक रागावले. नोंद कशी ठेवावी? – एक वाचक, नाशिक

कल्पना पक्की होऊन चित्र कागदावर उतरलं की लगेच त्याच्या पाठीवर क्रमांक आणि तारीख घाला. पेन्सिलीने, शाई पातळ कागदातून पुढे दिसते आणि स्कॅनमध्ये उतरते. क्रमांक एकच सलग मालिकेत हवा. बरेच जण 'डॉक्टर-१', 'नवरा-बायको-१' असे विषयवार क्रमांक घालतात आणि तिथेच घोळ होतो, कारण डॉक्टरच्या बायकोचं चित्र दोन्हीकडे जातं. चित्र फाडून टाकलंत तरी तो क्रमांक दुसऱ्याला देऊ नका. तेच चित्र पुन्हा नव्याने काढलंत तर ४१२चं ४१२-अ करा. संगणकातल्या फाइलचं नावही हाच क्रमांक.

वहीत सात रकाने पुरतात: क्रमांक, खालची ओळ (नसेल तर दोन शब्दांत वर्णन), कुणाला पाठवलं, कधी, निकाल, कोणत्या अंकात आलं, मानधन. 'कुणाला पाठवलं' हा रकाना पाकीट बंद करण्याआधी भरायचा. संध्याकाळी भरू म्हटलं की राहतो.

तुमच्या बाबतीत बहुधा असं झालं असावं: पहिल्या संपादकांचं उत्तर आलं नाही, म्हणून नकार समजून तुम्ही दुसरीकडे पाठवलंत. आपल्याकडे नकार कळवायची पद्धत फारशी नाही. तेव्हा चित्रं जून-जुलैत पाठवा आणि सोबतच्या पत्रात लिहा, '१५ ऑगस्टपर्यंत आपल्याकडून न कळल्यास चित्रं अन्यत्र पाठवीन.' दुसरीकडे पाठवण्याआधी पहिल्यांना दोन ओळींचा निरोप द्या. मूळ चित्र पाठवू नका, प्रत पाठवा.

त्याच पत्रात 'फक्त या अंकात एकदा छापण्यासाठी' हेही असू द्या. हक्क लेखी देऊन टाकलेत आणि मुदत लिहिली नाहीत, तर आपला कॉपीराइट कायदा ती पाच वर्षं धरतो. तेवढ्यात ते चित्र घेऊन त्यांचा एखादा संग्रहही निघून जाईल.

प्रश्न : ग्रॉस यांचं बेडकाचं चित्र किळसवाणं वाटलं. शि. द. फडणीस एकही शब्द न लिहिता हसवतात, कुणाला दुखवतही नाहीत. मग या चित्राचा एवढा बोलबाला का? – एक वाचक, ठाणे

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: हॉटेलात जोडपं जेवतंय, 'आमच्याकडचे बेडकाचे पाय खाऊन पाहा' अशी पाटी आहे आणि स्वयंपाकघराच्या दारातून पाय नसलेला बेडूक चाकांच्या फळीवर बसून बाहेर येतोय. 'नॅशनल लॅम्पून'मध्ये १९७०च्या डिसेंबरात आलं. किळस यावी हाच हेतू आहे, पण त्यात क्रूरता बेडकाच्या वाट्याला टाकलेली नाही. हसू फुटतं आणि पुढच्या क्षणी आपण त्या टेबलावरचे ठरतो. रेषा मात्र साधी, जवळजवळ बाळबोध. हेच चित्र बारकावे भरून रंगवलं असतं तर बघवलं नसतं.

फडणीसांच्या 'मोहिनी' मासिकावरच्या मुखपृष्ठात बाईच्या साडीवर मांजरं आणि पुरुषाच्या शर्टावर उंदीर असतात, तिथेही दोन गोष्टी शेजारी ठेवून दुवा बघणाऱ्याने जोडायचा असतो. रीत एकच, चव वेगळी. ग्रॉस यांचं गोडही बघायचं असेल तर गोगलगायीचं बघा. गोगलगाय सेलोटेपच्या स्टँडच्या प्रेमात पडली आहे आणि दुसरीला सांगते आहे, की असेल ती टेपचा स्टँड, माझं प्रेम आहे तिच्यावर. सगळी गंमत त्या 'असेल'मध्ये आहे: समजूत घालणं चित्राच्या आधीच होऊन गेलंय. 'अरे, तो टेपचा स्टँड आहे!' अशी ओळ दिली असती तर जे डोळ्यांना दिसतंय तेच पुन्हा सांगितलं गेलं असतं. नवशिक्यांच्या निम्म्या ओळी अशाच मरतात.

प्रश्न : छापल्यावर माझ्या चित्रातल्या बारीक रेषा तुटतात. – एक वाचक, अकोला

ए-फोर कागदावर, म्हणजे २१ सेंटिमीटर रुंदीत काढलेलं चित्र ८ सेंटिमीटरच्या रकान्यात बसवलं, की ०.३ मिलिमीटरची रेषा ०.११ वर येते. साध्या कागदावर ती टिकत नाही. एक तर चित्र छापायच्या मापाच्या दीडपटच काढा, किंवा पेन जाड घ्या. पाठवण्याआधी चाळीस टक्क्यांवर छापून हातभर अंतरावरून बघा. नुसत्या रेषांचं चित्र ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून टिफ किंवा पीडीएफमध्ये द्या. जेपेगमध्ये काळ्या रेषेच्या कडेला धूळ उठते. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.