घरदुरुस्ती – प्रश्नोत्तरे : ओट्यावरची शटरे आणि खालची दारे

प्रश्न : ओट्यावरच्या कपाटाचे शटर वर उघडते. दोन वर्षे ते वर नीट थांबत होते. आता सोडले की हळूहळू डोक्यावर येते. सुतार 150 न्यूटन जोराचे दोन पंप (शटर उचलून धरणारे गॅसचे दांडे) बसवायला सांगतो आहे. बसवावेत का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : नकोत. आधी जुन्या पंपाची नळी पुसून पाहा. तिच्यावर 60N, 80N असा आकडा छापलेला असतो. दोन वर्षे काम नीट झाले, म्हणजे जोर बरोबर होता, फक्त आतला नायट्रोजन सुटला आहे. सील झिजले की असे होते. पंप दुरुस्त होत नाही, बदलावा लागतो. दोन असतील तर दोन्ही एकदम बदला, नाहीतर शटर एका बाजूला तिरके उचलले जाते.

आकडा पुसला गेला असेल तर हिशेब करा. 600 बाय 400 मिमीचे, 18 मिमी प्लायचे, दोन्ही बाजूंनी सनमायका लावलेले शटर साधारण साडेतीन किलोचे असते. ते आडवे झाले की सगळे वजन बिजागरीपासून 20 सेंमीवर येते : 3.5 × 9.8 × 0.2, म्हणजे बिजागरीभोवती खाली वळवणारा जोर सुमारे 6.9 न्यूटन-मीटर. आता शटर आडवे धरून बिजागरीपासून पंपाच्या रेषेपर्यंतचे अंतर काटकोनात मोजा. ते 8 सेंमी असेल तर 6.9 ÷ 0.08 = 86 न्यूटन. थोडे वरचढ धरून 100, म्हणजे 50 किंवा 60 चे दोन पंप पुरतात. शटर 900 मिमी रुंद असेल तर 80 चे दोन. 150 च्या जोडीने शटर हातातून सुटून वर आपटेल, खाली ओढायला लोंबकळावे लागेल आणि काही महिन्यांत स्क्रू प्लायमधून उपटून येतील.

बसवताना कपाट बंद असेल तेव्हा पंपाची बारीक दांडी खाली आली पाहिजे. पंपातल्या तेलाचा अंश सीलवर राहतो, त्यामुळे पंप जास्त टिकतो. बिजागऱ्याही पाहून घ्या. वर उघडणाऱ्या शटरला स्प्रिंगच्या ऑटो हिंज (दार आपोआप मिटवणाऱ्या बिजागऱ्या) असतील तर स्प्रिंग बंद करायला ओढते आणि पंप उघडायला ढकलतो, दोघांचे भांडण. इथे बिनस्प्रिंगच्या बिजागऱ्या घ्या.

प्रश्न : ओट्याखालचे दार अर्धे उघडून ठेवले की आपोआप सताड उघडते. शेजारचे मात्र आहे तिथे राहते. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : ऑटो हिंजची स्प्रिंग दार मिटत आले की शेवटच्या टप्प्यातच ओढते. त्याआधी दार जवळपास मोकळे असते, म्हणून बिजागऱ्यांची ओळ जिकडे कलते तिकडे ते जाते. तेव्हा दोष बिजागरीचा नसून बहुतेक उभ्या रेषेचा आहे. बिजागरीच्या बाजूच्या फळीला ओळंबा लावा, समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून. दोन फुटांत 2 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर आधी कपाट सरळ करा. खाली प्लास्टिकचे पाय असतील तर ते फिरवून, नसतील तर पाचर ठोकून. कपाट पुढे झुकले असेल तर पुढची बाजू उचला.

कपाट ओळंब्यात असेल तर बिजागऱ्या बघा. दाराच्या जवळचा स्क्रू दार डावी-उजवीकडे सरकवतो, मागचा आत-बाहेर. वरची आणि खालची बिजागरी आत-बाहेर सारखी नसेल तर ओळ कलते. अर्धा-अर्धा आटा फिरवत जा, एकदम पिळू नका. स्क्रू नुसताच गरगरत असेल तर भोक 8 मिमीचे करून फेव्हिकॉल लावलेली लाकडी खुंटी ठोका, एक दिवस वाळू द्या आणि 2.5 मिमीचे बारीक भोक पाडून 3.5 बाय 16 चा स्क्रू लावा. सिंकखाली प्लाय फुगलेला असेल तर हा उपाय टिकणार नाही, तुकडा बदलावाच लागेल.

प्रश्न : कपाटाचे दार फ्रिजवर आपटते. दारामागे रबर चिकटवले तर चालेल? (एक वाचिका, पनवेल)

उत्तर : आवाज कमी होईल, धक्का बिजागरीला बसतच राहील. 110 अंशांपर्यंत उघडणाऱ्या बिजागरीत बसणारी कोन कमी करणारी प्लास्टिकची क्लिप मिळते. ती लावली की दार साधारण 86 अंशांवर थांबते. मात्र ती तुमच्याच कंपनीची आणि मॉडेलची हवी, म्हणून दुकानात जाताना एक बिजागरी काढून सोबत न्या. आत ओढता येणारे ड्रॉवर असतील तर क्लिप लावू नका, अर्धवट उघडलेल्या दाराला ड्रॉवर अडेल.